एप्रिलच्या दुपारी दोन वाजता बसवेल अशी वर्गखोली

शाळेला नवी खोली मंजूर झाली की पहिल्या बैठकीत दोन प्रश्न हमखास येतात: फरशी कुठली बसवायची आणि रंग कुठला द्यायचा. लातूर-धाराशिव पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात शाखा अभियंता म्हणून माझी हयात गेली. हे दोन्ही प्रश्न कंटाळा येईस्तोवर ऐकले. आता निवृत्त झाल्यावर कुणी शाळा व्यवस्थापन समितीतून फोन केला, तर मी आधी एकच काम सांगतो. एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी दोन वाजता जुन्या खोलीत जाऊन अर्धा तास बसा. सकाळची शाळा सुटलेली असली तरी बसा.

हे मला एका बाईंनी शिकवलं. मार्चअखेरीस एका वस्तीशाळेवर गळक्या पत्र्याची पाहणी करायला गेलो होतो. खोली रिकामी, सगळा वर्ग लिंबाखाली. मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "खोली हजेरीपुरती हो साहेब. हजेरी झाली की आम्ही बाहेर." त्या वेळी माझ्या बॅगेत त्याच शाळेसाठी सौर पॅनेल आणि चार पंख्यांचं अंदाजपत्रक होतं. तापलेल्या पत्र्याखालची हवा पंख्याने फिरवली तर ती मुलांच्या अंगावर गरमच येणार, एवढं साधं मला सुचलं नव्हतं. पर्यावरणपूरक म्हणजे छपरावर काहीतरी बसवणं, अशीच माझी समजूत होती. म्हणून खालचं सगळं मी उलट्या क्रमाने सांगतो आहे. आधी सावली, मग भिंत, मग छत. यंत्रं शेवटी, पैसे उरले तर.

पाडण्याआधी

जुनी खोली खरंच पाडायला हवी का, हे आधी बघा. निर्लेखनाचा, म्हणजे इमारत बाद ठरवून पाडण्याचा, प्रस्ताव पटकन तयार होतो, कारण पाडलं तरच नवीन निधी मागता येतो. एका गावी चांगल्या घडीव काळ्या दगडाच्या तीन खोल्या अशाच गेल्या. दोष फक्त सागवानी तुळया वाळवीने खाल्ल्याचा होता. छत बदलून काम भागलं असतं. त्या दगडांचं पुढे काय झालं ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त कागदावर नाही. माझीही सही त्या फायलीवर आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

स्लॅबची खोली असेल तर खालून लहान हातोडीने ठोकून बघा. बद्द आवाज येईल तिथे काँक्रीट सळईपासून सुटलं आहे. दोनचार जागी तसं असेल तर दुरुस्ती होते. सगळा स्लॅब बद्द वाजला आणि गंजलेल्या सळया उघड्या पडल्या असतील, तर मात्र मुलांना आजच बाहेर काढा आणि इंजिनिअरला बोलवा. पाडावंच लागलं तर दगड, शहाबादी फरशी, मंगळुरी कौलं, दारांच्या चौकटी मोजून, यादी करून शाळेतच रचून ठेवा. यादीवर मुख्याध्यापकांबरोबर सरपंचांचीही सही घ्या. नव्या खोलीचं बरंचसं सामान तिथेच असतं.

दिशा

आखणीला एक रुपया जास्त लागत नाही. पण ती चुकली तर पुढची पन्नास वर्षं भरपाई होत नाही.

खोली पूर्व-पश्चिम लांब ठेवायची. खिडक्या उत्तर आणि दक्षिणेच्या लांब भिंतींत. पश्चिमेची भिंत आखूड आणि शक्यतो बिनखिडकीची, कारण दुपारनंतरचं ऊन तिरपं येतं आणि कुठलाही छज्जा त्याला अडवू शकत नाही. दक्षिणेचं ऊन त्यामानाने गरीब. लातूरच्या अक्षांशावर २१ मार्चच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य इतका वर असतो की दोन फुटांचा छज्जा खाली सहा फुटांपर्यंत सावली टाकतो, म्हणजे खिडकी पूर्ण झाकली. डिसेंबरात तोच सूर्य खाली उतरतो आणि त्याच छज्ज्याची सावली जेमतेम सव्वादोन फूट पडते. थंडीत ऊन आत येतं, ते हवंच असतं. आपल्याकडे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला शून्य सावली दिवस येतो. त्या दरम्यान दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. तेव्हा उत्तरेलाही छोटा छज्जा द्या, निदान पावसासाठी तरी.

दिशा मोबाइलवर बघू नका. जवळ सळया रचलेल्या असल्या तर होकायंत्र वेडं होतं. जमिनीत सरळ काठी रोवा, ओळंबा लावून. काठीभोवती दोरीने वर्तुळ काढा. सकाळी काठीच्या सावलीचं टोक वर्तुळावर येईल तिथे खूण करा, दुपारनंतर पुन्हा वर्तुळावर येईल तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळाली. पाचवी-सहावीच्या मुलांकडून हे करून घ्या. माझ्या आखणीतली तीन अंशांची चूक एकदा मुलांनीच काढली होती.

कधी कधी जागाच अशी असते की इमारत रस्त्याकडे तोंड करून, उत्तर-दक्षिण लांब बांधावी लागते. शोभेसाठी लोकांचा आग्रहही तसाच असतो. मग पश्चिमेला आठ फुटांचा व्हरांडा अटळ समजा. तो वाया जात नाही. पोषण आहाराच्या पंगती तिथेच बसतात, आणि अर्धा वेळ वर्गही.

पाया

आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा सोडते. पाया खाली पक्क्या मुरमापर्यंत न्या. चार फुटांवर मुरूम लागला नाही म्हणून तिथेच थांबलेल्या इमारतींच्या कोपऱ्यांत तिरक्या चिरा बघायला मिळतील. खणलेली काळी माती जोत्यात भरू नका, ठेकेदार नेमकं तेच करतो. जोत्यात मुरूम, आणि काळी माती शाळेच्या बागेत. जोतं जमिनीपासून दोन फूट, आणि चढायला उतार हवाच. शिक्षण हक्क कायद्यात अडथळाविरहित प्रवेश लिहिलेला आहे. पण मी बघितलेले निम्मे उतार इतके उभे होते की चाकाची खुर्ची सोडा, सायकल चढत नाही. एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरा.

भिंत

इथे किल्लारीचा विषय टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे जो भूकंप झाला, त्यानंतर आमच्या भागात दगड आणि माती या दोन शब्दांचीच धास्ती बसली. साहजिक होतं. पण माणसं नेमकी कशाने दबली ते नीट समजून घ्या. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, आतून एक थर, बाहेरून एक थर, मध्ये नुसता डबर आणि माती. दोन्ही थरांना बांधणारा दगडच नाही. वर पांढरीच्या मातीचं फूट-दोन फूट जाड माळवद, म्हणजे सपाट मातीचं छत. हादरा बसला तशी भिंत मधून फाटली आणि माळवद खाली आलं. दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. त्यानंतर आम्ही सगळे दुसऱ्या टोकाला गेलो: पातळ भिंती, वर पत्रा किंवा उघडा स्लॅब. पडणार नाहीत अशा खोल्या झाल्या, पण बसवणार नाही अशाही झाल्या.

दगड वापरायचा असेल तर वापरा, नियम पाळून. भिंत दीड फुटापेक्षा जाड नको. आरपार जाणारा जोडदगड दर दोन फूट उंचीला आणि आडवा दर चार फुटांवर घाला. एवढा लांब दगड मिळत नसेल तर त्या जागी सळई घालून काँक्रीटचा ठोकळा ओता. जोत्यावर आणि खिडक्यांच्या वर सलग काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतींवरून फिरवा, कोपऱ्यात सळई वळवून. कोपऱ्यात उभी सळई पायापासून छतापर्यंत. कोपऱ्यापासून दोन फुटांच्या आत खिडकी नको. पट्टा फक्त दारापुरता टाकून पैसे वाचवतो म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

दगड नसेल तर वीट, पण पोकळ भिंतीची. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी रुळवलेली ही पद्धत, इंग्रजीत रॅट-ट्रॅप बॉण्ड, म्हणजे उंदराचा सापळा. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावायची. भिंत नऊ इंचीच राहते, पण आत तीन इंचांची पोकळी सुटते. विटा साधारण पाव हिश्शाने कमी लागतात, सिमेंटही वाचतं, आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. जोत्याजवळचा, खिडकीखालचा आणि सगळ्यात वरचा थर मात्र भरीव घ्यायचा. उभ्या सळया पोकळीतूनच जातात, तेवढे कोपरे काँक्रीटने भरायचे.

नवख्या गवंड्याला थेट वर्गाच्या भिंतीवर चढवू नका. आधी मुतारीची किंवा कंपाउंडची एक नमुना भिंत त्याच्याकडून बांधून घ्या. माझ्या पहिल्याच कामात संध्याकाळी जाऊन बघतो तर सगळ्या पोकळ्या विटांच्या तुकड्यांनी ठासून भरलेल्या. गवंडी माझ्या वडिलांच्या वयाचा, आणि माझे वडीलही गवंडी. तो म्हणाला, "सायेब, भित्तीत भोकं ऱ्हायली तर लोकं मला नावं ठिवतील." त्याला मी काय बोलणार? दुसऱ्या दिवशी तीन इंच रुंदीची फळी करून दिली. ती पोकळीवर ठेवून मसाला टाकला की आत पडत नाही. आठवड्याभरात तो इतरांना शिकवू लागला.

वीट एकसारखी आणि धारेची हवी. गावच्या भट्टीतली वाकडी वीट इथे चालत नाही, कारण दोन्ही बाजूंनी भिंत उघडी राहते. आमच्याकडे परळीच्या औष्णिक केंद्रामुळे राखेच्या विटा मिळतात. मातीही वाचते, भट्टीचं सरपणही. घेताना मीटरभर उंचीवरून एक वीट टाकून बघा, आणि चोवीस तास पाण्यात बुडवून कडा सुटतात का तेही. बाहेरून गिलावा नको, फक्त दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, भरा.

जाड किंवा पोकळ भिंत शाळेला विशेष मानवते, ती एका कारणाने. बाहेरचं ऊन अशा भिंतीतून आत यायला कित्येक तास घेतं. दुपारी तापलेली भिंत संध्याकाळी आत गरम होते, तोवर मुलं घरी गेलेली असतात. घरासाठी हा तोटा, शाळेसाठी फायदा. अट एकच: रात्री ती उष्णता बाहेर गेली पाहिजे. आणि रात्री शाळेला कुलूप असतं! म्हणून छताजवळ दोन्ही लांब भिंतींत कायम उघडे झरोके ठेवा, बारीक जाळी मारून. जाळी विसरलात तर पारवे येतील, आणि पहिल्याच महिन्यात कुणीतरी झरोके विटांनी बुजवेल.

खिडक्यांबद्दल थोडक्यात. मुलं सतरंजीवर बसतात, तर खिडकीचा उंबरा अडीच फुटांवर. तीन फुटांवर नेलात तर वारा डोक्यावरून जातो. त्याखाली विटांची जाळी करता आली तर उत्तम. फळ्याच्या भिंतीत खिडकी कधीच नको, फळा चमकतो. मुलांच्या डाव्या हाताला जास्त उजेड येईल असा फळा लावा, म्हणजे लिहिताना हाताची सावली वहीवर पडत नाही.

छत

खोलीत येणारी उष्णता सगळ्यात जास्त वरून येते. म्हणून पैसा कमी पडला तर फरशीत काटा, छतात नको.

स्लॅब घालणार असाल तर कौलं भरलेला स्लॅब घाला. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळई सोसते. सळयांच्या मधलं काँक्रीट तिथे फक्त जागा भरतं. त्या जागी जुनी मंगळुरी कौलं, दोन-दोनची जोडी करून, पालथी मांडायची. काँक्रीट कमी लागतं, वजन कमी होतं, आणि कौलांमधली हवा ऊन अडवते. खालून गिलावा न करता कौलं तशीच दिसू दिली तर छान दिसतं. कौलं आदल्या रात्री भिजवा, नाहीतर ती काँक्रीटचं पाणी पितात. सळयांचं अंतर आणि कौलांची मांडणी मात्र इंजिनिअरकडून काढून घ्या, अंदाजाने नको. ओतताना कामगार कौलांवर पाय देऊन ती फोडतात. फळ्या टाकून ठेवा आणि त्या दिवशी स्वतः उभे राहा.

कागदांचं बोलायचं तर, पोकळ भिंत आणि कौलांचा स्लॅब या बाबी दरसूचीत, म्हणजे सरकारी बांधकामाच्या ठरलेल्या दरांच्या यादीत, बहुधा सापडत नाहीत, आणि त्याच कारणाने फाइल परत येते. अंदाजपत्रकाबरोबरच दरपृथक्करण जोडा, म्हणजे एक घनमीटरला विटा किती, सिमेंट किती, मजुरी किती, सगळं उलगडून. नमुना भिंतीचे फोटो लावा. मी स्वतः त्या खुर्चीत बसून अशा फायली परत केल्या आहेत. दरपृथक्करण असेल तर परत करायला कारण उरत नाही.

पत्र्याचीच खोली वाट्याला आली असेल तर बुर्किना फासोमधल्या गांदो गावच्या शाळेची युक्ती बघा. त्याच गावात जन्मलेल्या वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी ती २००१ साली उभी केली. खाली मातीच्या विटांचं छत, आणि त्याच्या बऱ्याच वर उचललेला पत्रा. मधून वारा वाहतो, तापलेल्या पत्र्याची झळ खाली पोचत नाही. या माणसाला पुढे वास्तुकलेतलं २०२२ चं प्रित्झकर पारितोषिक मिळालं. आपल्याकडे जुन्या पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचं किंवा सिमेंट शीटचं छत करून मधली जागा दोन्ही टोकांना उघडी ठेवली, तरी पुष्कळ फरक पडतो. गवत, कडबा, थर्माकोल मात्र वर्गाच्या छताला अजिबात नको. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत गवती छपराने पेट घेतला आणि ९४ मुलं गेली. कुणी हौसेने इको म्हणून गवती छप्पर सुचवलं, तर ही तारीख सांगा. स्वयंपाकाची चूल असलेल्या शाळेत तर चर्चाच नको.

कुठल्याही छतावर सगळ्यात स्वस्त उपाय पांढरा चुना. विरवलेला चुना रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, त्यात थोडं फेव्हिकॉल घाला म्हणजे पावसात लगेच धुपत नाही. झाडून, धुऊन, ओल्या स्लॅबवर दोन हात द्या. फेब्रुवारीअखेर, दरवर्षी. डोळ्याला गॉगल आणि हाताला मोजे, आणि हे काम मुलांकडून नको. चुना डोळ्यात गेला तर दृष्टी जाते.

पाणी

हिशोब मुलांनाही येतो: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. व्हरांड्यासकट दोन खोल्यांचं छत शंभर चौरस मीटर धरा. कमी पावसाच्या वर्षातले ६०० मिलिमीटर धरले तर ६० हजार लिटर, पाचवा हिस्सा वाया गेला तरी ४८ हजार. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. म्हणजे तुमच्या दोन खोल्यांवर दर पावसाळ्यात जवळपास एक वाघीण रिकामी होते आणि मैदानातून वाहून जाते.

सगळं साठवायला जाऊ नका, टाकीचाच खर्च अंगावर येईल. दहा हजार लिटरची टाकी आणि उरलेलं गाळणखड्ड्यातून बोअरच्या कडेला. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्या, त्यात पारव्यांची विष्ठा आणि चुना असतो. टाकीतलं पाणी हात धुवायला आणि संडासला. प्यायचं असेल तर तपासून, निर्जंतुक करूनच. हात धुतलेल्या पाण्याची मोरी बाहेर अळू-केळीच्या खड्ड्यात सोडा. बाकी शोषखड्डा वगैरे गावात कुणीही करून देईल.

झाडं पश्चिमेला लावा. लिंब, करंज. लिंबाची पानं फेब्रुवारी-मार्चात झडतात, पण ऊन चढेपर्यंत नवी पालवी येते. भिंतीपासून निदान पंधरा फूट लांब, कारण काळ्या जमिनीत मुळं ओल शोषून घेतात आणि पाया त्या बाजूला खचतो.

सौर पॅनेल अजूनही घ्यायचे असतील तर आता घ्या. मजबूत सांगाड्यावर, स्लॅबपासून फूटभर वर, म्हणजे त्यांचीच सावली छतावर पडते. बॅटरी कुठे ठेवणार आणि तिची किल्ली कुणाकडे राहणार, हे पॅनेलच्या आधी ठरवा.

खोली ताब्यात घेताना दोन स्वस्त तापमापक आणा. एक जुन्या खोलीत, एक नव्या खोलीत, एकाच उंचीवर, भिंतीला न टेकवता टांगा. रोज दुपारी दोनची नोंद सातवीच्या मुलांकडे द्या. पुढच्या खोलीच्या प्रस्तावाला ती वही जोडता येते. आणि ठेकेदाराची अनामत एक पावसाळा काढल्याशिवाय सोडू नका. पहिला मोठा पाऊस लागला की छत्री घेऊन शाळेत जा आणि तीन जागा बघा: पन्हळ भिंतीला टेकते तो कोपरा, खिडकीच्या उंबऱ्याची आतली कड, आणि पश्चिमेच्या भिंतीचा पायथा. ओल दिसली तर खडूने रेघ मारून तारीख टाका. आठवड्याने पुन्हा जा.